दुखत नाही तोवरच दाखवा



लागण करण्यापूर्वी आपण माती तपासून घेतो. बेणे निवडताना एकेक डोळा पाहतो. उभ्या उसात काणीचे एखादे बेट दिसले, तर ते शेजारच्या सरीत पसरण्याआधी मुळासकट उपटून जाळून टाकतो. "ऊस हिरवागार दिसतोय, मग कशाला बघायचं?" असे कोणी जाणता बागाईतदार म्हणत नाही. परंतु हाच बागाईतदार स्वतःच्या देहाच्या बाबतीत, आणि त्याहूनही अधिक घरातील बायामाणसांच्या बाबतीत, नेमके तेच म्हणतो. "मला काय धाड भरलीय?" एवढ्या एका वाक्यावर दवाखान्याची वाट बंद होते. दुखणे अंगावर काढायची तर आपल्याकडे जुनीच खोड आहे.

कॅन्सर या रोगाची अडचण अशी, की सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून या रोगापुरता नेहमीचा हिशेब उलटा करावा लागतो. दुखते म्हणून दाखवायचे हा उपचार झाला. दुखत नसताना दाखवायचे ही तपासणी. या लेखात तपासणीविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मुंबईचे पॅकेज

आपल्या कार्यक्षेत्रात असे घर क्वचितच सापडेल, की ज्याचा एखादा मुलगा, भाऊ वा जावई मुंबईकडे नाही. कोणी घाटकोपरला, कोणी मुलुंडला, कोणी अंधेरी-बोरिवलीकडे. दिवाळी झाली किंवा मे महिना लागला, की आई-वडील चार दिवस मुलाकडे जातात. मुलगा-सून हौसेने त्यांचे "फुल बॉडी चेकअप" करतात. लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दहा-बारा पानांचा रिपोर्ट येतो. सगळे आकडे बरोबर निघाले, की म्हातारा-म्हातारी निर्धास्त होऊन गावी परततात.

मुलांची माया खोटी नाही. रक्तातली साखर, मूत्रपिंड, यकृत, चरबी यांची माहिती त्यातून मिळते, तीही कामाची आहे. परंतु नुसत्या रक्ताने तोंडातला पांढरा चट्टा कळत नाही. स्तनातली गाठ कळत नाही. गर्भाशयाचे तोंड तर कोणी पाहिलेलेच नसते. आपल्या देशात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारे कॅन्सर म्हणजे स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा, तर पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे. म्हणजे ज्या तीन जागा आधी पाहायच्या, त्याच तीन जागा त्या दहा-बारा पानांत नसतात. काही पॅकेजांत "कॅन्सर मार्कर" नावाच्या चाचण्या घातलेल्या असतात. त्यांतल्या बहुतेक चाचण्यांचा मुख्य उपयोग, कॅन्सर झालेल्या रोग्याचा उपचार कसा चालला आहे हे पाहण्यासाठी होतो. धडधाकट माणसाला कॅन्सर आहे की नाही, हे नुसत्या त्या आकड्यावरून ठरत नाही.

मग ठरते कशाने? याचे उत्तर त्याच मुंबईत, परंतु फ्लॅटमध्ये नव्हे, तर झोपडपट्टीत मिळाले आहे.

व्हिनेगर, बॅटरी आणि दहावी शिकलेली बाई

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. रोगी दारात येईपर्यंत थांबायचे नाही, आपणच वस्तीत जायचे, या विचाराने १९९३ साली तेथे प्रतिबंधक विभाग निघाला. या विभागाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठे काम हाती घेतले. वस्त्यांचे वीस गट पाडले आणि ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची नोंद केली. दहा गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा तपासणी झाली. उरलेल्या दहा गटांत कॅन्सरची माहिती तेवढी सांगितली.

तपासणीसाठी मोठे यंत्र नव्हते. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधे व्हिनेगरच, कापसाने लावायचे आणि मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात डोळ्यांनी पाहायचे. जेथे पेशी बिघडू लागल्या असतील तो भाग पांढरा पडतो. स्तनांची तपासणी हाताने करायची. हे काम करणाऱ्या डॉक्टरही नव्हत्या. निदान दहावीपर्यंत शिकलेल्या, बोलक्या, चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या स्त्रिया हे काम करीत होत्या.

पंधरा वर्षांनी, २०१३ साली, टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी याचे निष्कर्ष अमेरिकेत शिकागो येथे कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. व्हिनेगरच्या बोळ्याने एवढे साधेल, असे आधी किती जणांना वाटले असते?

उस्मानाबादचा धडा

आता शहर सोडून आपल्यासारख्या मुलखाकडे या. बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांत कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवण्याचे काम १९८७ साली येथे सुरू झाले. नोंद घेणारी माणसे गावोगाव जाऊन लक्षणेही समजावून सांगत. नुसत्या या सांगण्यानेसुद्धा फरक पडला आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या.

पुढे १९९९ पासून बार्शीचे रुग्णालय, टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार भाग केले. एका भागात व्हिनेगरची तपासणी, दुसऱ्यात पॅप नावाची काचेवरची तपासणी, तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीची सोय. प्रत्येक तपासणी फक्त एकदाच केली. २००९ साली निकाल जाहीर झाला. एचपीव्हीच्या एकाच तपासणीने पुढील आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या एकाच तपासणीने मात्र मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही.

येथे वाचक म्हणतील, मुंबईत जे जमले ते उस्मानाबादेत का जमले नाही? दोन्ही कामे ताडून पाहिली, तर एक मोठा फरक नजरेत भरतो. मुंबईत तीच साधी तपासणी चार वेळा झाली, उस्मानाबादेत एकदा. खुरपणी एकदा करून भागत नाही, तसेच हे आहे. साधी तपासणी ठराविक मुदतीने पुन्हा करावी लागते. एचपीव्हीची तपासणी अधिक बारीक आहे, ती निर्दोष आली तर पुढची काही वर्षे निर्धास्त राहता येते. पाळी गेलेल्या बायकांमध्ये व्हिनेगरची तपासणी पुरेशी भरवशाची राहत नाही, म्हणून त्यांनी डॉक्टरांना एचपीव्ही किंवा पॅपविषयी विचारावे.

या विषाणूबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तो पती-पत्नीच्या संबंधातून येतो आणि अतिशय सर्रास आढळतो. बहुतेकींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींत टिकून राहतो आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर करतो. यात कोणाच्या वागणुकीला बोल लावण्याचे कारण नाही. उलट एवढी वर्षे मध्ये मिळतात, म्हणूनच हा कॅन्सर होण्याआधी थांबवता येतो. बिघडू लागलेला भाग थंडीने गोठवून किंवा उष्णतेने जाळून काढता येतो, त्यासाठी पोट उघडावे लागत नाही.

गाठ दुखत नाही, म्हणून गप्प बसू नये

स्तनाच्या कॅन्सरबाबत मुंबईच्या त्याच कामाचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणीच्या वस्त्यांत पुढच्या टप्प्याला गेलेले, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीचे, कॅन्सर ३७ टक्के निघाले, तर दुसरीकडे ४७ टक्के. पन्नाशी गाठलेल्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु म्हणून तरुण बाईने गाठीकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नाही. गाठ, बोंडातून रक्त, कातडी आत ओढली जाणे, काखेत गोळा, यांपैकी काहीही दिसले तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. "दुखत नाही, जाईल आपोआप," म्हणून सहा-सहा महिने गाठ पदराआड झाकून ठेवणे ही आपल्या घरांतली नेहमीची गोष्ट आहे. ती मोडली पाहिजे.

आता पुरुषमंडळींकडे

बायकांची तपासणी म्हटले, की पुरुषमंडळी पान उलटतात. त्यांनी जरा थांबावे. तंबाखूची चंची, गायछाप, मावा, गुटखा यांच्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाने हा भाग वाचावा. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे, परंतु बंदीने सवय सुटत नाही. आणि मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनीही स्वतःला यातून वगळू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ साली निघालेला निष्कर्ष असा, की तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत या तपासणीने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी लागले काय? उजेड, आणि पाहणाऱ्याची शिकवलेली नजर.

महिन्यातून एकदा तोंड खळखळून धुऊन आरशासमोर बॅटरी घेऊन उभे राहा. गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट झोंबणे ही धोक्याची सूचना समजा. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तोंड आखडत चालले आहे. दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा आणि चंची त्याच दिवशी बंद करा.

भीती म्हणजे निदान नव्हे

आता एक कडू गोष्ट. साखर कारखान्याच्या अंकात ती टाळता येणार नाही, कारण ती ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गव्हाणीत पडतो, त्या बायकांची आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळी जास्त जाणे अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात जात. "पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल," असे सांगून ऑपरेशन केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. कामाचा खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, या ओढाताणीत बाईही होकार देई. या प्रकरणाची विधानमंडळात चर्चा झाली, चौकशी समिती नेमली गेली.

ही गोष्ट ऊसतोड टोळ्यांपुरतीच आहे, असे कोणी समजू नये. पिशवी काढलेल्या बायका आपल्या नात्यागोत्यांतही आहेत. काही वेळा ते ऑपरेशन खरोखर गरजेचे असते, त्याविषयी वाद नाही. परंतु पांढरे जाण्याचे कारण पुष्कळदा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी, मग गरज पडल्यास तुकडा काढून परीक्षा, आणि त्यानंतर निर्णय, असा क्रम आहे. तो क्रम सोडून कोणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल, तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. वेळेवर तपासणी झालेल्या बाईला असे कोणी सहज घाबरवू शकत नाही, कारण तिच्या हातात कागद असतो.

कोणत्या वयात काय करावे

मुलगी ९ ते १४ वर्षांची असताना: एचपीव्हीची लस. ती या वयात सर्वात अधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली आहे. लस घेतली तरी पुढे तिशीनंतरची तपासणी चुकवू नये.

तिशी ओलांडली, की स्त्री असो वा पुरुष: वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातील साखर. तोंडाची तपासणी. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ या वयात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. तंबाखू खाणाऱ्याने पाच वर्षे थांबू नये, संधी मिळेल तेव्हा तोंड दाखवावे. गावची आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा एक फॉर्म भरते, त्यात खरी माहिती द्यावी. "मी काही खात नाही" म्हणून खिशात चंची लपवू नये.

चाळिशी-पन्नाशीपुढील स्त्रिया: स्तनांची तपासणी नियमाने. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर लवकर सुरुवात करावी आणि मॅमोग्राफी कधी करायची ते डॉक्टरांना विचारावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते कधीही साधे समजू नये.

पन्नाशीपुढील पुरुष: लघवीला अडणे, शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणे, बसलेला आवाज तीन आठवडे न सुटणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणीच्या पाळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. प्रोस्टेटची रक्तचाचणी सरसकट सर्वांनी करावी असे नाही. तिचे फायदे-तोटे डॉक्टरांकडून समजून घेऊन ठरवावे.

ही तपासणी आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयात विचारावी. मुलाकडे मुंबईला गेला असाल, तर घाटकोपरला राजावाडी, पार्ल्याला कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. आईला तेथील स्त्रीरोग विभागात आणि वडिलांना दंत किंवा कान-नाक-घसा विभागात एक सकाळ घेऊन जावे. मुलुंड-बोरिवलीच्या चिरंजीवांनी रक्ताचे पॅकेज अवश्य करावे, परंतु एवढी एक सकाळ त्यात जोडावी.

परत बोलावले तर परत जा

मुंबईच्या कामातला आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्हिनेगरच्या तपासणीत शंका आल्यामुळे ज्यांना पुढील परीक्षेसाठी बोलावले, त्यांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रिया आल्या. म्हणजे जवळजवळ पाचातली एक आलीच नाही. तपासणी झाली, शंका कळली, आणि तरी पाऊल अडले. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. पाहुणे आले, भांगलण होती, नवरा म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू, सासूबाई म्हणाल्या आम्ही नाही कुठं गेलो कधी. शंका आलेल्या बहुतेकींना कॅन्सर निघत नाही. परंतु ज्यांना निघतो, त्यांच्यासाठी तो एक फेरा म्हणजे जीव असतो. घरातील कर्त्या पुरुषाने बाईला पाठवायचे नाही, स्वतः घेऊन जायचे. गाडी पंपावर जाते तशी दवाखान्यातही जाते.

खर्चाच्या भीतीनेही लोक मागे फिरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राला भेटावे आणि रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर ठेवावे. सुरुवातीच्या टप्प्यातला उपचार पैशानेही कमी आणि शरीरालाही सोसवणारा असतो.

हंगामाच्या आत

गाळप बंद झाल्यापासून बॉयलर पेटेपर्यंतचे दिवस आपल्या सभासदांना थोडे मोकळे असतात. घरटी तीसच्या पुढच्या प्रत्येक माणसाने या दिवसांत एक फेरा मारावा. गट ऑफिसांनी प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून गावाचा दिवस ठरवावा, तपासणाऱ्या बाईच असाव्यात एवढे पाहावे, आणि ऊस नोंदीसारखी त्याचीही वही ठेवावी. त्या वहीत परत कोणाला बोलावले आहे आणि ती गेली की नाही, हा रकाना मुख्य असावा. मात्र कोणाला काय निघाले, हे चावडीवर येऊ नये.

ऊसतोड बायका मोकळ्या दिवसांत त्यांच्या गावी असतात. त्यांची तपासणी हंगामात, कोप्यांवरच करावी लागेल. तो दिवस मुकादमाने खाडा म्हणून धरू नये, हे सभासदांनी आणि संचालक मंडळाने मनावर घेतले तर होण्यासारखे आहे. ज्या बाईने आपला ऊस वेळेवर तोडला, तिला एक सकाळ देणे आपल्याला जड नाही.

माती परीक्षणाचा कागद आपण ट्रंकेत जपून ठेवतो. त्याच ट्रंकेत यंदा घरच्या माणसांच्या तपासणीचे कागदही ठेवावेत, आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावी, ही विनंती.